दही न मोडणारी गाडी

चिंचवडच्या त्या सकाळी मला अजून अर्धवट झोपेत पाहिल्यासारख्या आठवतात. पवनेवरचं धुकं वर येऊन मुंबई रस्त्याच्या वडांत अडकून बसायचं. चाकणहून कांद्याच्या बैलगाड्या यायच्या, पण बैल दिसायचे नाहीत, नुसते घुंगरू ऐकू यायचे. त्या घुंगरांमधून आमच्या ह्यांची हिरवी दोन सीटची गाडी हळूच दारात येऊन उभी राहायची. ह्यांच्या शेजारच्या सीटवर मी नसायचे, दह्याचं बोळकं असायचं.

"बघ," हे म्हणायचे, आणि तोंड दुसरीकडे करायचे.

मी बोळक्यावरचं फडकं उचलायचे. रात्री लावलेलं घट्ट कवडीदार दही, आता त्याचे तुकडे पाण्यात तरंगत असायचे.

"मोडलं," मी म्हणायचे.

मग हे गाडीखाली शिरायचे आणि त्या मोडक्या दह्याची मी कढी करायचे. त्या दिवसांत आमच्या घरी इतकी कढी झाली की मला आजही कढी नको वाटते.

त्याचं असं झालं होतं. मला आधी दोनदा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा पोट पडलं. दुसऱ्या वेळी तर स्टेशनावरून टांग्यातून घरी येताना कळा सुरू झाल्या. तिसऱ्या वेळी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, की दर महिन्याला येऊन दाखवायचं आणि अंगाला धक्का म्हणून बसू द्यायचा नाही. आता ही दोन्ही एकदम कशी करायची, ते काही बाईंनी सांगितलं नाही. सांगायला त्यांचं काय जातं म्हणा. आगगाडीनं जायचं तरी दोन्ही टोकांना टांगा आलाच, आणि टांग्यात मी पुन्हा पाय ठेवणार नव्हते. मला ते मूल हवं होतं. साडी नको होती, सोनं नको होतं, माणसांत मानही नको होता. फक्त ते मूल हवं होतं.

राहता राहिली ती गाडी. तिला मी सवत म्हणायचे. कोण्या गोऱ्या साहेबाची शर्यतीत पळवायची जुनी गाडी, तो विलायतेला जाताना देहूरोडला टाकून गेला, आणि लिलावात ती ह्यांच्या गळ्यात पडली. इंजिन पार गेलेलं. ह्यांनी त्या जागी लष्कराच्या मोडीतल्या जीपचं इंजिन बसवलं. ते मावेना, तेव्हा पत्रा ठोकून नवं झाकण केलं. पुढे लोखंडाचा एवढा जाड बंपर लावला की म्हशीनं टक्कर मारली तर म्हैसच पडावी. त्या गाडीकडे बघताना ह्यांचा चेहरा असा व्हायचा, की माझ्याकडे बघताना कधी झाला असेल तर मला तरी दिसला नाही.

गाडी पळायची वाऱ्यासारखी, पण पुढून नुसती आपटायची. रस्त्यात खडा आला तरी तो दाताला कळायचा. म्हणून मला बसवण्याआधी हे रोज पहाटे माझ्या जागी दही ठेवून दापोडीपर्यंत फेरी मारून यायचे.

हे मूळचे लॉऱ्यांचे मिस्त्री. आमच्या त्या रस्त्यावरच्या गॅरेजांत एक रीतच होती. चाकांवर त्या पोलादाच्या वाकवलेल्या पट्ट्या असतात ना एकावर एक, त्यांना पाटे म्हणतात. कुठलीही लॉरी दुरुस्तीला आली की तिच्यात एक पाटा जास्तीचा घालायचाच. पुढे खंडाळ्याचा घाट, वर दुपटीनं भरलेला माल, त्यामुळे मालकही विचारायचा नाही. उलट एखाद्यानं पाटा घातला नाही तर त्यानं हलगर्जीपणा केला म्हणायचे. जास्तीचा पाटा म्हणजे काळजी, असंच ती माणसं समजायची. हे तर माझी काळजी करत होते. दही मोडलं की एक पाटा वाढवायचे. पुन्हा मोडलं की झोके आवरायला चाकाशी ज्या चकत्या असतात त्या करकचून आवळायचे. तरी मोडलं, तर टायरांत दगड होईपर्यंत हवा भरायचे.

"आता बघ कशी मजबूत झालीया," हे म्हणायचे. चाकणकडची बोली ह्यांनी कधी सोडली नाही.

आणि दापोडीच्या पुलाअलीकडे उखडलेल्या खडीवर दही मोडायचंच.

डॉक्टरीणबाईंकडे जायचा महिना भरत आला तसा मला घोर लागला. एका संध्याकाळी मी ओट्यावर बसले होते. पोटात अजून काही हलत नव्हतं, पण मी हात ठेवून बसायचे. समोरून कांद्यानं भरलेली एक लॉरी डुलत डुलत पुण्याकडे गेली. तिच्यामागून रिकामी आली ती खडखडाट करत, मागची चाकं नाचवत. हे गाडीखाली आणखी एक पाटा चढवत होते. माझं डोकंच फिरलं.

"अहो, कितीसं वजन आहे माझं?" मी म्हटलं. "त्या रिकाम्या लॉरीसारखी आपटते तुमची सवत. एवढे पाटे कुणासाठी घालताय? मला दवाखान्यात न्यायचंय का मार्केटात? तसं असेल तर घाला मला गोणीत."

गाडीखालचा पान्याचा आवाज थांबला. मला वाटलं, चिडले. मग ह्यांचं डोकं बाहेर आलं, गालाला ग्रीस.

"रिकामीच हाय की गं ही," हे इतकंच म्हणाले.

पाटे असतात ओझ्यासाठी, आणि हिच्यात ओझंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सगळं उलटं सुरू झालं. घातलेले पाटे निघाले, वर आणखी एक निघाला. उरलेले घासूनपुसून त्यांच्यामध्ये ग्रीस भरलं. टायरांतली हवा सोडली, तो फुसकारा मला गोड लागला. पण आता गाडीनं नाकच टेकलं आणि खड्ड्यात खालचं लोखंड लोखंडावर आदळायला लागलं. तेव्हा तो म्हशीचा बंपर काढला, पुढची जड बॅटरी सीटच्या मागे नेली. चकत्याही ढिल्या केल्या, त्या जरा जास्तच. गाडी एकदा डोलली की डोलतच राहायची. त्या सकाळी दही मोडलं नव्हतं, पण अर्धं सीटवर सांडलं होतं. मी हसले, खूप दिवसांनी हसले. ह्यांनी चकत्या किंचित आवळल्या.

नंतरच्या सकाळी मी फडकं उचललं तर दही जसं लावलं होतं तसं. वरची सायसुद्धा सुरकुतली नव्हती. आम्ही दोघं त्या बोळक्याकडे बघत राहिलो. त्या दिवशी मी कढी केली नाही. आम्ही ते दही साखर घालून खाल्लं.

मग मी त्या सीटवर बसले. पहिल्या वेळी डोळे गच्च मिटून, दार धरून. पिंपरीत तेव्हा कारखान्याच्या नव्या भिंती उठत होत्या. त्या मागे पडल्या, खडी आली, गाडी जराशी खाली गेली, वर आली, आणि झालं. पुढच्या महिन्यांत डोळे मिटायचे ते झोपेनं. धुक्यातून झाडं यायची, जायची, घुंगरू यायचे, जायचे, आणि पोटातलं ते आता माशासारखं फिरायचं. आम्ही तिघं कुठंतरी तरंगत चाललोय असं वाटायचं. मी सवतीला सवत म्हणणं सोडलं.

मुलगी पुण्यातच झाली. घरी आणताना ती माझ्या मांडीवर दुपट्यात झोपलेली होती. हे सबंध रस्ता गाडी अगदी सावकाश चालवत होते. बैलगाड्या आमच्या पुढे जात होत्या, गाडीवान वळून वळून बघत होते. दापोडीचा पूल आला, त्यापुढची खडी आली, गाडी जराशी डोलली आणि पार झाली. ह्यांनी एका वडाखाली गाडी थांबवली. इंजिन बंद केलं. तोंड दुसरीकडे केलं.

"बघ," हे म्हणाले.

मी दुपट्याचं टोक उचललं. ती ओठ हलवत झोपेत काहीतरी चोखत होती.

"नाही मोडलं," मी म्हटलं.

ह्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, त्यावर कपाळ टेकलं आणि हे रडले. मी त्यांना रडू दिलं. मग आम्ही घरी गेलो.