घड्याळाला हात लावायचा नाही

हार्मन वोल्टहाउसने बावीस वर्षं ऑक्टोबरात गाव सोडलं नाही. का, म्हणून विचाराल तर आयसल नदीकाठच्या त्या चिमुकल्या गावातल्या चर्चच्या मनोऱ्यावरचं घड्याळ! ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी सगळ्या मुलखाची घड्याळं हिवाळ्यापुरती तासभर मागे घ्यायची असतात, आणि गावचं घड्याळ मागे घ्यायचा मान हार्मनचा. एकशे बारा पायऱ्या चढायच्या, काटे फिरवायचे, उतरायचं आणि घरी येऊन वाटाण्याचं सूप प्यायचं. पगार नावालाच. पण ऐट अशी, की सूर्यसुद्धा आपल्याला विचारूनच उगवतो!

या ऐटीपायी एक घात झाला होता. बायकोची, म्हणजे फेनाची धाकटी बहीण आल्बेर्ता. अकरा वर्षांपूर्वी तिचं लग्न डेन्मार्कात ठरलं, ते नेमकं त्याच शनिवारी. हार्मन म्हणाला, "जमायचं नाही. घड्याळ कोण बघणार?" त्याला एकटं टाकून फेनाही गेली नाही. आल्बेर्ताने बोलणंच टाकलं. तिकडच्या रीतीप्रमाणे संडासाच्या दारामागे टांगलेल्या वाढदिवसांच्या कॅलेंडरवर तिचं नाव होतं. फेना दर वर्षी न चुकता कार्ड धाडायची. तिकडून चिठीचा कपटाही यायचा नाही.

यंदा नगरपालिकेने घड्याळाला विजेचं यंत्र बसवलं. काटे आपले आपणच मागेपुढे होऊ लागले. हार्मनच्या हातावर एक खिशातलं घड्याळ ठेवलं, टाळ्या वाजवल्या आणि त्याला घरी बसवलं. त्याच आठवड्यात आल्बेर्ताचं कार्ड आलं. 'रविवारी सकाळी दहाला कोलोन स्टेशनात उतरते. चार नंबरचा फलाट. पावणेअकराला पुढची गाडी. यायचं तर या.'

फेनाने लगेच सहल आखली. अँटवर्प, गेंट, ब्रसेल्स, लक्झेंबर्ग आणि शेवटी जर्मनीतलं कोलोन. निघताना तिने नवऱ्याला बजावलं, "या सहलीत घड्याळाचं नाव काढायचं नाही. खिशातून काढायचं नाही, त्याला हात लावायचा नाही. शब्द दे."

"दिला," हार्मन म्हणाला. मोबाईल दोघांकडेही नव्हता, आणि मनगटावर बांधायला फेनाने कधी घड्याळ घेतलंच नव्हतं. घरात घड्याळवाला असताना कशाला?

पण वेळ न बघता जगायचं कसं, हेच त्या माणसाला ठाऊक नव्हतं! अँटवर्पमध्ये तो भलत्याच ट्राममध्ये चढला. गेंटमध्ये एका रांगेतले तीन मनोरे बघता बघता त्याने बायको हरवली. घरून डब्यात आणलेला चीज-पाव कधी खायचा तेही कळेना.

"आज कुठं आहोत गं आपण?"

"लक्झेंबर्ग."

"मग कालचा तो कालवा?"

"गेंटचा. आणि काल नव्हे, परवा."

"असेल बाई," म्हणत हार्मन आणखी गोंधळला.

शनिवारी संध्याकाळी कोलोन आलं. जेवताना बिअर मागवली. तिथली तऱ्हा अशी, की बोटभर उंचीचा ग्लास रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा आणून ठेवतो. नको असेल तर ग्लासाखालचा पुठ्ठा उचलून ग्लासवर ठेवायचा. हे हार्मनला कोण सांगणार? तो बिचारा संपवत राहिला, वाढपी आणत राहिला. सहाव्या ग्लासाला त्याला आठवलं, आज शेवटचा शनिवार! हात शिवशिवू लागले. शब्द दिला होता खरा. पण उद्या आल्बेर्ताची गाडी चुकली म्हणजे? त्याने कोटाच्या खिशात हात घातला आणि न बघताच चावी मागे फिरवली. किती वळसे म्हणजे एक तास, हे बोटांना पाठ होतं. फेनाला काही कळलं नाही, आणि तो मनातून खूश झाला.

सकाळी तिनेच म्हटलं, "आजच्या दिवस काढ ते घड्याळ." घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. नाश्त्याला उतरले तर टेबलं पुसून झालेली.

"दहाला बंद होतं," हॉटेलवाली म्हणाली.

"बाई, काल घड्याळं मागे घ्यायची होती."

"घेतली की!"

हार्मनने बायकोला डोळा मारला. "घेतली म्हणे!" वाटेतल्या मनोऱ्यावर साडेदहा होऊन गेले होते. तो हळहळला, "एवढं मोठं शहर, आणि घड्याळाला एक माणूस ठेवत नाहीत!"

चार नंबरचा फलाट रिकामा होता. हार्मनच्या घड्याळात दहाला पाच कमी. स्टेशनच्या घड्याळात अकराला पाच कमी. त्याने फलाटावरच्या कर्मचाऱ्याला गाठून खडसावलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "आजोबा, अख्ख्या देशाचं चुकलं आणि तुमचं तेवढं बरोबर? पावणेअकराची गाडी गेली पण."

फेना पांढरीफटक पडली. "हार्मन, तू काल घड्याळाला हात लावलास?"

"एकच तास मागे घेतलं गं. सवयीने."

"अरे देवा! सकाळी तू दाढी करत होतास तेव्हा मीच घेतलं होतं. तू शब्द दिला होतास ना हात लावणार नाहीस म्हणून! मग कोणी लावायचा?"

एक तास आणि एक तास, दोन तास. गावाचं घड्याळ बावीस वर्षांत एकदा चुकलं नाही, आणि स्वतःचं चुकलं ते आज! फेना बाकावर बसून रडायला लागली. "अकरा वर्षांनी आली होती रे माझी बहीण. आता ती काय समजेल? पुन्हा आले नाहीत, हेच ना!" तिच्या खांद्यावर हात ठेवायचीही हार्मनला लाज वाटली.

तेवढ्यात हिरव्या टोपीतली एक बाई हातात चहाचा कागदी पेला घेऊन जिना चढून वर आली.

"आलात!" आल्बेर्ता म्हणाली. फेनाने उठून तिला मिठीच मारली, चहा दोघींच्या कोटांवर सांडला. "अगं, रडतेस काय? उतरले तर इथं चिटपाखरू नाही. घड्याळात दहा. मी म्हटलं, सगळं जर्मनी चुकेल, हार्मन नाही चुकायचा. ज्या घड्याळापायी हा बाबा माझ्या लग्नाला आला नाही, ते चुकतंय होय? इथल्यांनीच तास मागे घेतला नसणार. म्हणून गाडी दिली सोडून आणि चहा पीत बसले. आलात ना आता बरोब्बर दहाला?"

हार्मनने घड्याळ बघितलं. बरोब्बर दहा. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. फेना त्याच्याकडे बघत होती.

"अकरा वाजलेत, आल्बेर्ता," तो म्हणाला. "माझं चुकलं." मग म्हणाला, "तेव्हाही चुकलंच होतं."

आल्बेर्ताने त्याच्या हातातलं घड्याळ काढून घेतलं आणि आपल्या पर्समध्ये टाकलं.

"बस इथं," ती म्हणाली. "पुढची गाडी कितीला आहे, ते मी विचारून येते."