भाऊजींची जीभ सुधारली

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, मूळचे नाटकवाले. आपल्याकडे होते तेव्हा रंगमंचावर कायम राजे. घरात पाणी मागायचं तरी आवाज दरबारातला. मग आमच्याबरोबर या परक्या देशात आले आणि राजेपण सामानाबरोबर वाटेतच गहाळ झालं, असं मी त्यांना चिडवते. इथल्या नाटकात पहिलं काम मिळालं ते भाला धरून उभं राहायचं. तोंड उघडायचं नाही. भाला मात्र असा धरायचे, की खऱ्या राजाला संशय यावा.

पुढे टीव्हीवरच्या एका मालिकेत कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं काम मिळालं. बाहेरून आलेला, मोडकंतोडकं बोलणारा भाबडा माणूस. लोकांना तो फार आवडला, तो त्याच्या बोलण्यामुळेच. शब्द असे काही चावायचा की ऐकणाऱ्याला हसू यावं आणि मायाही वाटावी. भाऊजींना त्यात अभिनय असा करावाच लागायचा नाही. जीभच तशी होती.

घोळ झाला तो नंतर. भाऊजींना वाटलं, जन्मभर काय दुकानच चालवायचं? इथल्या नाटकात एखादा वकील, एखादा बाप आपल्याला का मिळू नये? म्हणून गुपचूप एका बाईंकडे उच्चारांच्या शिकवणीला जायला लागले. न्हाणीघरातून गुळण्या केल्यासारखे आवाज यायचे. जाऊबाई मला विचारायच्या, "यांचा घसा बसलाय का हो?"

नाटक काही मिळालं नाही. उच्चार मात्र सुधारले. आणि एक दिवस मालिकेच्या दिग्दर्शकाने त्यांना बाजूला घेतलं. "तुम्ही हल्ली अगदी आमच्यासारखंच बोलता. आमचा दुकानदार कुठे गेला? पुढचा भाग बघतो, नाहीतर दुकान बंद करून टाकू."

घरी आले ते पांढरेफटक. एक बूट काढला आणि दुसरा काढायचा विसरून तसेच जेवायला बसले. घास काही वर जाईना.

"वहिनी, या वयात मला दुसरं काम कोण देणार? तिकडचे माझे राजे दुसऱ्यांनी घेतले. इथलं दुकान गेलं तर मी कोण?"

"घाबरता कशाला? मी बसलेय ना. इतकी वर्षं इथे राहून भाजीवाल्याला अजून बोटाने दाखवल्याशिवाय माझं कळत नाही. या माझ्याकडे शिकवणीला."

मग रोज दुपारी आमच्या ओट्याशी वर्ग भरला. मी कांदा चिरत इथल्या भाषेतलं एक वाक्य टाकायचे, भाऊजी ते झेलायचे.

"फार स्वच्छ झालं. परत."

परत म्हणाले.

"ही माझी नक्कल झाली, भाऊजी. दुकानदार कुठेय? ही तर त्याची आत्या."

एरवी पोट धरून हसले असते. त्या दिवशी तेच वाक्य परत घोकायला लागले. मग मीही थट्टा आवरती घेतली.

चित्रीकरणाला एकट्याने जायचा त्यांना धीर होईना, म्हणून मी सोबत गेले. कॅमेऱ्यामागे एका स्टुलावर मला बसवलं. प्रसंग असा, की जागेचा मालक दुकान रिकामं करा म्हणून आलाय आणि दुकानदार त्याला विनवतोय. दिग्दर्शक म्हणाला, "चला." भाऊजी गल्ल्यामागे उभे राहिले. तोंड उघडलं. आवाज नाही.

सगळे थांबले. दिवेवाल्याने घसा खाकरला. पर्सचा पट्टा मी पिळून काढला.

मग पहिला शब्द आला. अर्धा घशात, अर्धा टाळूला चिकटलेला. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. या देशात उतरलो तेव्हा पासपोर्ट तपासणाऱ्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने काहीतरी विचारलं आणि भाऊजींनी याच आवाजात उत्तर दिलं होतं. आता बोलणं मालकाशी चाललं होतं, "मला बाहेर काढू नका" म्हणून, आणि डोळे होते दिग्दर्शकाकडे.

"हेच," दिग्दर्शक खूश झाला. "आता आवाजासाठी एकदा परत घेऊ."

जीव भांड्यात पडला आणि तिथेच फसलं. दुसऱ्या खेपेला भाऊजी बातम्या दिल्यासारखे खणखणीत बोलले. दिग्दर्शकाने तोंड वाकडं केलं. "पहिलंच ठेवू. पण पुढच्या आठवड्यातही मला पहिल्यासारखंच हवंय."

रंगपटात भाऊजी तोंड पुसत बसले होते.

"वाचलं की दुकान," मी म्हटलं.

"ते मी केलं नाही, वहिनी. भीतीने झालं. पुढच्या वेळी भीतीच नाही वाटली तर?"

"त्याचीच घ्या की भीती. तेवढी पुरेल."

मी थट्टा केली होती, त्यांनी ती खरी धरली. "हो, पुरेल," म्हणाले. घरी येताना बसच्या खिडकीशी बसून अख्खी वाट भाऊजी घाबरायची तालीम करत होते, आणि मला काही केल्या हसू येईना.