फिटर काकांचा नवस

कंपनीची बस नाक्यावर येऊन उभी राहायची आणि फिटर काका तिच्या शेजारून सायकलवर पुढे निघून जायचे. दापोडी ते चाकण, रोज जाऊन-येऊन. बसमधली माणसं खिडकीतून ओरडायची, "ओ काका, सीट धरून ठेवलीय." काका नुसता हात वर करायचे. मूळचे लातूरकडचे, आमच्या गल्लीत अगदी समोरच्या घरात राहायचे. नोकरीची थोडीच वर्षं उरली होती.

चढावर ते कुणाशी बोलत नसत. "चढ लागला की तोंड बंद," म्हणायचे. उताराचं कुणी कौतुक केलं तर हसायचे. "उताराला काय, धोंडा बी उतरतो." काकू म्हणायच्या, "माझ्या बापानं लग्नात सायकल दिली असती, तर ह्यांनी मला मांडवातच सोडली असती."

असे हे काका एकदा सुट्टी टाकून हिमालयात सायकल चालवायला निघाले. कंपनीतल्या काही जणांबरोबर, आठवडाभर, बर्फाच्या डोंगरांतले घाट चढत. कशासाठी, ते गल्लीत कुणालाच समजेना. विचारेल त्याला वेगळं उत्तर मिळे. माझ्या दिराला म्हणाले, "पैज लागलीय राव." वाण्याला म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितलंय. साखर आहे." शेवटी कोपऱ्यावरच्या आजींनी निकाल दिला. "येवढा तरास माणूस उगं घेतो व्हय? नवस आसंल." ते सगळ्यांना पटलं, मलाही. काका नाही म्हणाले नाहीत. प्रश्न थांबले म्हणून गप्प राहिले असावेत.

कुणी देवाला निघालं की आपल्या नावाचं काहीतरी त्याच्याबरोबर पाठवायची आमच्याकडे रीत आहे. निघायच्या आदल्या दिवशी बायका सुपाऱ्या, खण, हळदीकुंकवाच्या पुड्या घेऊन काकांच्या दारात उभ्या. काका कानकोंडे झाले. "अहो, सायकलवर वजन..." एवढंच म्हणाले आणि घेत राहिले.

मी सगळ्यांच्या मागे होते. त्या वर्षी आमच्या ह्यांना लकवा मारला होता. आधार धरून चालायला लागले होते, पण वाचा गेली होती. दिवसभर माझ्याकडे बघत बसायचे. मी फडक्यात सुपारी बांधली आणि मनात बोलले, ह्यांना बोलता येऊ दे, मी तुझ्याकडे पायी येईन. काकांनी पुडी घेतली. "काही सांगायचंय का तिथं?" मी नुसती मान हलवली. चार माणसांत बोलायला मला कधीच जमलं नाही.

काका तिकडे असतानाच एका सकाळी हे "पाणी" म्हणाले. अगदी स्पष्ट. मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिले, द्यायचं सुचेना. मग आणखी एकदोन शब्द आले. मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. नवस फेडला नाही तर दिलेलं परत जातं, असं लहानपणापासून ऐकलेलं. आणि मला तर देवाचं नावही ठाऊक नव्हतं.

काका परत आले ते काळे पडून, नाकाची साल निघालेली. बायका पाया पडायला वाकल्या, त्यांनी पाय मागे घेतले. सगळ्या गेल्यावर मी त्यांच्या दारात गेले. आपणहून त्यांच्याशी बोलायची ती पहिलीच वेळ.

"काका, तिथला देव कोणता?"

ते सायकल पुसत होते. "देऊळ न्हाई तिथं, ताई. घाटाच्या माथ्यावर धोंड्यांची रास हाय आन् वारं. उभं राहू देत न्हाई."

"मग पुड्या?"

"धोंड्यांत ठेवल्या. एकेकीचं नाव घेतलं. तुमचं बी."

"मग ऐकलं कुणी?"

"त्ये मला काय म्हाईत?"

"मग तुम्ही कशाला गेला होता?"

त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. मला वाटलं, आता मलाही पैज नाहीतर साखर ऐकायला मिळणार. "खरं सांगू? चढताना वाटायचं, वर गेलं की कळंल. वर गेलो तर दम लागलेला. बसलो, चहा पिलो, उतरलो."

मी पायी यायचं बोलले होते, ते त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. "तिथवर कशाला? तुमचा चढ हितंच बघा की," म्हणाले. हे बरोबर की चूक, मला अजून उमगलेलं नाही. देवाचं काय चालतं, काय नाही, ते थोरांनी सांगून ठेवलेलं असतं. धोंड्यांचं कोण सांगणार?

रिटायर झाल्यावर काका गावी गेले. टेम्पोत सगळ्यांत वर सायकल बांधली होती. काकू पुढे बसून म्हणाल्या, "ती चढली, आता तुम्ही चढा." काका आधी ह्यांच्यापाशी आले. "बोला," म्हणाले. ह्यांनी ओठ जुळवले. वेळ लागला, पण काका थांबले. "या," हे म्हणाले. काका वळून टेम्पोचा दोर ओढून बघायला लागले. तो घट्टच होता.

मी रोज सकाळी ह्यांना घेऊन रेल्वेचा पूल चढते. ह्यांचा हात माझ्या खांद्यावर असतो. चढताना आम्ही बोलत नाही. वर पोचल्यावर हे एखादा शब्द बोलतात, कधी जुना, कधी नवा. मग आल्या बाजूनेच खाली उतरतो. परवा भाजीवालीने अडवलं. "गाडी धरत न्हाई, पलीकडं जात न्हाई, मग रोज पूल कशाला चढता गं दोघं?"

मी ह्यांचा हात खांद्यावर नीट घेतला.

"डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हणाले. "साखर आहे."