चालून बघायचा ट्रंपेट

ट्रंपेट चालून बघायचा असतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर त्या दिवशी मी चपला तरी धड घालून गेले असते.

सासर माझं बँडवाल्यांचं. शनिवार पेठेत खाली दुकान, वर आम्ही. दुकानात खुंट्यांना लाल कोट टांगलेले, आणि त्या कोटांना कायम घामाचा आणि डांबरगोळ्यांचा वास. मोठे दीर मालक. वरातीत हातात काठी घेऊन बँडच्या पुढे चालायचे तेही तेच. त्यांच्या मागे पहिल्या रांगेत आमचे हे, ट्रंपेट घेऊन. गाणं यांनी उचलायचं आणि बाकीच्यांनी ते धरायचं, अशी पद्धत.

लग्नानंतर काही वर्षांनी यांना छातीचं दुखणं लागलं. महिनेच्या महिने इस्पितळात गेले. सकाळी स्वयंपाक, दुपारी डबा घेऊन बस, संध्याकाळी येऊन धुणं, असं इतकं केलं की बसच्या दांडीला धरून उभ्या उभ्या झोपायला शिकले. आता नातवंडं विचारतात, आजी, तू कुठेही कशी गं झोपतेस? शिक्षण लागतं त्याला, म्हणते मी.

हे बरे होऊन घरी आले तेव्हा खुंटीवर ट्रंपेट नव्हता. छातीच्या रोग्याने फुंकलेल्या वाद्याला दुसरं कोण तोंड लावणार, म्हणून दिरांनी तो मोडीत घातला होता. यांनी खुंटीकडे पाहिलं आणि प्यायला पाणी मागितलं. त्यावर आमच्या घरात एवढंच बोलणं झालं.

लग्नाचा मोसम तोंडावर आला तसे दीर एकदा वर आले. कसबा पेठेतल्या मिस्त्रींना सांगून ठेवलंय, जाऊन नवा निवड, म्हणाले. मग जिना उतरता उतरता, पाठमोरेच, पुढचं बोलले.

"या मोसमात बघू. दम पुरला तर पुढे चाल. नाही पुरला तर दुकानात बसून लग्नं नोंदवून घे. तेही कुणीतरी करायलाच हवं."

दुकानात बसणं म्हणजे काय, ते यांना चांगलं ठाऊक होतं. यांचे एक चुलते दात गेल्यापासून दुकानातल्या गादीवर बसायचे. एके काळी क्लॅरिनेट वाजवायचे म्हणे. मी आले तेव्हा ते समोरून एखादी वरात गेली तर पानाचा डबा उघडून त्यात काहीतरी शोधत बसायचे, ती वरात वळेपर्यंत. हे दुपारी आडवे पडले की श्वास आत घ्यायचे, धरायचे, सोडायचे. मी तांदूळ निवडत ते ऐकायची. फुंकायला डॉक्टरांची परवानगी मिळाली होती. दिरांची मिळायची होती.

निवडायला मीही निघाले. सांगायला कारण असं की यांना एकट्यांना पाठवणं बरं नाही. खरं कारण माझे कान. लग्नाआधी मी गायनाच्या वर्गाला जात असे आणि परीक्षकांनी एकदा मला "ठीक" म्हटलं होतं. एवढ्याशा ठीकवर माणूस किती वर्षं काढू शकतो, ते तेव्हाच्या माझ्यातल्या त्या मुलीकडून शिकावं. बँडमध्ये कोण बेसूर आहे हे ती जेवताना सांगायची, आणि सगळे निमूट आमटी ओरपायचे. तर ही बाई पितळेच्या कारखान्यात जायला निघाली ती लक्ष्मी रस्त्यावरून घेतलेल्या उंच टाचांच्या नव्या चपला घालून. जसा काही ट्रंपेट तिचे पाय बघून वाजणार होता.

मिस्त्रींचं घर कसब्यात पिढ्यान् पिढ्यांचं. आजोबा नगारे मढवायचे, वडील वाद्यं दुरुस्त करायचे, मिस्त्री स्वतः घडवायचे. कारखाना म्हणजे गल्लीत उघडणारी एक लांब खोली. पितळेचा पत्रा गुंडाळून, सांध्याला डाख देऊन, भोंगा लाकडी ठोकळ्यावर ठोकून काढायचे. बोटांखालचे पिस्टन तेवढे उत्तरेतून यायचे. मिस्त्रींनी दिरांची खुशाली विचारली, यांच्याकडे एकदा नीट बघितलं, आणि गोणपाटावर तीन ट्रंपेट मांडले.

"जरा गोड सुराचा दाखवा," आमची गायिका म्हणाली.

"गोड पुढच्या चौकात मिळतं, वहिनी. इथे पितळ आहे."

हे स्टुलावर टेकून एक ट्रंपेट ओठांना लावणार, तोच मिस्त्रींनी हात आडवा केला. बसून सगळेच वाजतात, म्हणाले. वरात काय बसून निघते? पाऊल पडलं की माउथपीस दातांवर आपटतो, चढ लागला की श्वास तुटतो, तेव्हा जो वाजेल तो आपला. त्यांच्याकडे गिऱ्हाइकाने दारापासून गल्लीच्या टोकाच्या नळापर्यंत आणि परत, वाजवत चालून यायचं, असा रिवाज होता. एरवी पुढे कुणीतरी रस्ता मोकळा करायला असायचं. त्या दिवशी मीच होते.

"दादा चालतात तसं चाल," यांनी मला बजावलं.

दादा, म्हणजे मोठे दीर, कसे चालतात ते सगळ्या पेठेला माहीत होतं. एका संध्याकाळी ते दोन वराती घ्यायचे. पहिल्या वरातीतला नवरदेव कार्यालयाशी टेकतो न टेकतो तोच दुसरा नवरदेव कुठेतरी खोळंबलेला असायचा. त्यामुळे आमच्या बँडपुढे नाचणाऱ्यांना धड नाचताही येत नसे, ते ढकलल्यासारखे पुढे पुढे जायचे.

तर डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी, अशी मी तरातरा निघाले. सायकली बाजूला करा, हातगाडी घ्या आत. मागून हे. नळ थोडा चढावर होता. तिथे पोचण्याआधीच यांचा सूर फाटला, मग नुसती हवा आली. हा जरा चिरका आहे, मी निकाल दिला. दुसरा घेतला. दुसरा अर्ध्यातच थांबला. हा घुसमटलेला आहे, असंही मी सांगितलं. एका खिडकीतून एका आजोबांनी, कुणाचं लग्न आहे, म्हणून विचारलं. आमचंच, म्हणाले मी, जुनं आहे.

हे मिस्त्रींच्या पायरीवर बसले. कपाळावरचा घाम यांनी पाठ वळवून बाहीने पुसला. मला ते दिसू नये म्हणून. मी पदर नीट करत राहिले, दिसलं नाही असं यांना वाटावं म्हणून. घरी जाऊ या, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. इतकी दमले होते मी त्या वर्षी, की गादी तर गादी, कुठेतरी बसा एकदाचे, असंही वाटून गेलं.

मिस्त्रींनी तिसरा ट्रंपेट यांच्या हातात दिला.

तोवर चपलांनी आपलं काम चोख केलं होतं. दोन्ही टाचा सोलल्या होत्या. अनवाणी व्हावं तर गल्लीभर बायका खिडकीत, आणि गायिकेची अब्रू. मी लंगडत निघाले, एक पाय टेकवून, दुसरा अलगद ओढत. मागे गाणं सुरू झालं. नळ आला, मी वळसा घालून वळले, परत निघाले, आणि गाणं कुठे तुटलंच नाही. ओळ संपायची, मध्ये जरा जागा राहायची, मग पुढची ओळ उठायची. कुठलं गाणं ते मी विसरले. इस्पितळाच्या बसमध्ये यायची त्याहून गाढ झोप मला तिथे चालता चालता आली असती, इतकं हलकं वाटलं.

"हाच घ्या," मी दारात येऊन जाहीर केलं. "याच्यात सूर आहे."

मिस्त्रींनी यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग मिस्त्रींनी ट्रंपेट फडक्यात गुंडाळला.

वाटेत चहाला थांबलो तेव्हा मी टेबलाखाली चपला काढल्या. हे चहा बशीत ओतून गार करत म्हणाले, "तिन्ही सारखेच होते."

"काहीतरीच. पहिला चिरका होता."

"अगं, तू हळू चाललीस. मला श्वास घ्यायला वेळ मिळाला. बाकी काही नाही."

माझ्या कानांच्या गर्वाचं जे काय व्हायचं ते तिथे त्या बशीत झालं. मग दादांना सांगू या, हळू चाला म्हणून, मी म्हणाले. यांनी नाही म्हणून मान हलवली.

"सांगितलं तर चालतील दादा हळू. एक मोसम चालतील. मग गादी दाखवतील."

पहिली वरात सदाशिव पेठेतून दिवेलागणीला निघायची होती. मी दुपारीच स्वयंपाक उरकून ठेवला. काय करायचं ते ठरवलं होतं असं म्हणवत नाही, पाय तिकडे गेले. वरात चौकात आली, डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका दोन्हीकडून चालत होत्या, दादा काठी उचलून निघाले, आणि मी पदर कपाळापर्यंत ओढून त्यांच्या ऐन पुढे घुसले. त्याच चपला, तशीच चाल.

मागून यांचा एक सूर घसरला. ओळखलं असणार. मग सावरला.

दादा काठी आपटत म्हणाले, अहो बाई, जरा पाय उचला. मी उचलला नाही. जास्त बोलायची त्यांना सोय नव्हती. वरातीतली बाई म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरची मानाची बाई. वधूकडच्यांना मी वराकडची वाटले, वराकडच्यांना वधूकडची. एका काकूंनी तर हातावर पेढा ठेवला आणि तब्येत विचारली. आमच्या घरात थोरल्या दिरांनी भावजयीच्या तोंडाकडे बघायची रीत नव्हती, तेव्हा चेहरा ओळखू येण्याची मला तशी भीती नव्हतीच. तरी पदर मी भक्कम धरून होते. फार हुशार समजायची स्वतःला.

सबंध मोसम मी असा काढला. दिवसभर घर, संध्याकाळी कुणाकुणाच्या दोन वराती. किती परक्या नवरदेवांना मी कार्यालयापर्यंत पोचवलं असेल. एका चपलेचा पट्टा तुटला, त्याला पिन लावली. हे घरी आले की कोमट पाणी घमेल्यात घालून माझ्यापुढे सरकवायचे. आम्ही त्याविषयी बोलत नव्हतो. बोलायला दोघांतही जीव नसायचा. पण हे सगळी वरात वाजवायचे, आणि मोसमाच्या शेवटी शेवटी मला वाटायला लागलं की मी जरा भरभर चालले तरी आता चालेल. चालले मात्र नाही.

शेवटची वरात झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी दीर वर आले. मी रिवाजाप्रमाणे चुलीकडे तोंड करून उभी राहिले. पुढच्या मोसमापासून एका संध्याकाळी एकच वरात घ्यायची, त्यांनी यांना सांगितलं. धावपळ होत नाही आता, गुडघे दुखतात. पुढे तूच आहेस, तालीम सोडू नकोस. हे हो म्हणाले. जिन्यावर पावलं वाजली आणि मध्येच थांबली.

"आणि हे बघ," दीर खालून म्हणाले, "घरात सांग, डाव्या चपलेचा पट्टा बदलून घ्या. ती पिन बघत बघत सगळा मोसम चाललोय मी."

तोंडाकडे न बघणारा माणूस दुसरीकडे कुठे बघणार, हे गायिकेच्या डोक्यात तोवर आलं नव्हतं. यांना हसू आवरेना, आणि हसता हसता खोकला आला, आणि खोकल्याला घाबरून मी पाणी आणायला धावले.

ते गुडघ्यांचं मात्र खोटं होतं. माझे आता खरे दुखतात, म्हणून ठाम सांगते. दुखऱ्या गुडघ्यांचा माणूस उरलेला जिना तसा उतरत नाही, दोन दोन पायऱ्या सोडून.