दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

दर रविवारी सकाळी आमच्या वसतिगृहाच्या हौदावर धुणं असायचं, आणि त्या वर्षी धुण्याबरोबर वादही असायचा. खोलीच्या खिडकीत माझ्या रूममेटचा टेप, टेपमध्ये ती कॅसेट, आणि खाली दगडांवर शर्ट आपटत पंधरा-वीस मुलं एका गायकाच्या कलात्मकतेवर भांडतायत. 'कलात्मकता' हा शब्द मराठीच्या सरांनी नुकताच तासाला वापरला होता. आम्ही तो लगेच कामाला लावला होता.

नव्वदच्या दशकातली ती वर्षं. संगमनेरात केबल आली होती, पण आमच्या सरकारी वसतिगृहात एकच कृष्णधवल टीव्ही होता आणि तो बहुतेक दुरुस्तीलाच असायचा. रॅप म्हणजे टोपी उलटी घालून हिंदीत भराभर बोलायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. ही कॅसेट मात्र मराठीत होती. मुंबईच्या कुठल्यातरी चाळीतला मुलगा ठेक्यावर बोलत सुटला होता. नोकरीच्या अर्जांबद्दल, डोनेशनबद्दल, निवडणुकीपुरत्या गावात येणाऱ्या जीपगाड्यांबद्दल. दोन ठिकाणी शिव्या होत्या. आणि शेवटच्या गाण्यात तो स्वतःच्या बापाला 'तू' म्हणत होता.

शिव्यांचं कुणाला फारसं वाटलं नाही. 'तू'चं मात्र फार वाटलं. ही कॅसेट गणपतीत लावायची नाही, असं गावातल्या काही मंडळांनी ठरवलं. आमच्या रेक्टरांनी फलकावर कागद लावला की, 'आक्षेपार्ह ध्वनिफीत' कुणाच्या खोलीत आढळली तर जप्त होईल. तो कागद लागल्यावर चार दिवसांत वसतिगृहातल्या एका कॅसेटच्या सहा झाल्या. रेक्टर रविवारी आपल्या गावी जायचे, म्हणून आमची चर्चा रविवारी.

माझा रूममेट काष्टीचा. त्याच्या घरी बैलांचा व्यापार, त्यामुळे कुठलीही गोष्ट तो आधी चारी बाजूंनी बघायचा आणि मग एकदाच बोलायचा. त्याला कॅसेट पसंत होती. विरोधी बाजूला तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. त्याने तबल्याच्या दोन परीक्षा दिल्या होत्या, म्हणून सगळे त्याला वस्ताद म्हणायचे.

"ह्याला गानं म्हनायचं?" वस्ताद साबण घासत म्हणायचा. "सूर कुठंय ह्यात? माझी आज्जी कोंबड्या हाकलती ना, तीसुदिक ह्याच्यापेक्षा सुरात असती."

"आरं पन खरं बोलतोय न्हवं?" रूममेट.

"खरं तर कंडक्टरबी बोलतो. म्हनून तिकीट घेताना टाळ्या वाजवतो का आपन?"

"आन बापाला तू म्हनतंय बेनं," हौदाच्या पलीकडून कुणीतरी.

"तू घरी काय म्हनतो रं?"

"मी? तुमी."

"खोटं बोलतंय लेकाचं! ह्याचा बाप आल्ता तवा 'आबा, तू हितं बस' म्हनला का न्हाई सगळ्यांदेखत?"

सगळे हसायचे. मी कॉलर घासत राहायचो. मीही घरी वडिलांना, म्हणजे दादाला, 'तू'च म्हणायचो, पण वसतिगृहात आल्यापासून कुणी विचारलं तर 'तुम्ही' म्हणतो असं सांगायचं ठरवलं होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून खोटं बोलावं लागलं नाही, इतकंच.

एका बाबतीत मात्र दोन्ही बाजूंचं एकमत होतं. त्या शेवटच्या गाण्याचा शेवट. गाण्यातला मुलगा बापाशी बोलतो. तू गावभर सांगत फिरतोस की पोरगा साहेब होणार, तू माझ्यासाठी शर्ट शिवून ठेवलास, इथं मी रांगेत उभा आहे. ठेका वाढत जातो आणि तो म्हणतो, "बापा, तुला एक सांगायचंय, ते असं की..." टक. बाजू संपते. पुढं काही नाही.

"एवढं मानलं बरं का," वस्ताद ओले हात झटकत म्हणाला होता. "गानं तोडलं ते बरोबर टेपची बाजू सरती तिथंच. एक मात्रा इकडं न्हाई का तिकडं न्हाई. हे हिशेबाचं काम हाय."

सहापैकी एका कॅसेटमध्ये ते 'असं' वरच तुटायचं, 'की' येतच नव्हता. त्यावरही विचार झाला. मोठा कलावंत दोनदा सारखं गात नाही, असं रूममेटचं मत पडलं आणि ते सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

मला त्या शेवटाचं वेड लागलं त्याचं खरं कारण कलात्मक नव्हतं. जुलैत माझा पहिल्या वर्षाचा निकाल लागला होता. इंग्रजीत नापास. बाकीचे विषय सुटले होते, त्यामुळे एटीकेटीवर दुसऱ्या वर्षाला बसता आलं. घरी हे कळवलं नव्हतं. आमचं गाव जामखेडच्या पुढं. आईवडिलांची टोळी दर हंगामाला संगमनेरच्या बाजूला ऊस तोडायला यायची, त्यातूनच मला इथल्या कॉलेजात घालायचं वडिलांनी मनावर घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मी पाठवलेलं कार्ड माझे चुलते ओट्यावर मोठ्यांदा वाचून दाखवायचे, आणि ते ऐकायला शेजारपाजारचेही बसायचे. निकालानंतर मी चार कार्डं पाठवली होती. मेस बरी आहे, पाऊस बरा आहे, तब्येत बरी आहे, कळावे. निम्मं कार्ड कोरंच राहायचं.

असा मी, आणि माझ्यासमोर तो गायक, जो बापाला सांगायची गोष्ट सांगता सांगता थांबतो आणि त्यासाठी सगळं वसतिगृह त्याला मानतं. मी दोन दिवस बसून कॉलेजच्या भित्तिपत्रकासाठी लेख लिहिला. नाव दिलं 'न बोललेली ओळ'. त्यात म्हटलं की, काही गोष्टी मुलगा बापाला सांगू शकत नाही, आणि ती जागा कोरी सोडण्यात या कलावंताचं धैर्य आहे. मी ते अगदी मनापासून लिहिलं. लिहिताना जरा हलकंही वाटलं. माझं गप्प राहणं आता भित्रेपणा राहिलं नव्हतं.

लेख गाजला. म्हणजे व्हरांड्यात उभं राहून तो मुलींनीसुद्धा वाचला. मराठीच्या सरांनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. मी चप्पल बाहेर काढून आत गेलो.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो सर. म्हणजे... चुकलं असेल तर..."

"छान आहे. वार्षिकांकात घेऊ. फक्त गाण्याचं नाव तेवढं मूळ कॅसेटच्या कव्हरवर बघून या. छापायचं म्हणजे नीट हवं."

मला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी 'तुम्ही' म्हणालं होतं. मी त्याच दुपारी स्टँडजवळच्या दुकानात गेलो.

आमच्या सगळ्या कॅसेटी त्याच दुकानातून भरून आणलेल्या. आपण कोरी कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी भरलेली न्यायची. दुकानदाराला सगळे मामा म्हणायचे. त्यांनी फळीवरून मूळ कॅसेट काढून दिली. मी नाव उतरवून घेतलं आणि, कुणी विचारलं नसताना, त्यांना शेवटाबद्दल सांगू लागलो. कसा तो ऐन जागी थांबतो, कसं त्यावर मी लिहिलंय.

"कुठं थांबतो?" मामांनी विचारलं.

"ते असं की, म्हणतो आणि थांबतो."

मामांनी कव्हरवर बोट ठेवलं. "आरं बाबा, ती कॅसेट हाय साठ मिनटाच्या वरची. तुमी कोरी आनून देता साठची. उरल्यालं काय माझ्या खिशात भरू?"

"मग तुम्ही सांगितलं नाही कुणाला?"

"इचारलं कुनी? एवढ्या भरून दिल्या, एकानंबी तक्रार केली न्हाई. म्हनलं, पोरांना तेवढंच पुरतंय."

मग त्यांनी कॅसेट टेपात घालून पुढं पळवली आणि शेवट लावला. ते असं की, मी चुकलो बापा. लगेच व्हायोलिन सुरू झालं. मागून बासरी. पोरगा घरी परत येतो, बाप त्याला छातीशी धरतो, आई ताट वाढते आणि लहान मुलांचा कोरस आईबाप हेच देव असं चार वेळा म्हणतो. सर्वात शेवटी गायक साध्या आवाजात सर्व रसिकांचे आभार मानतो.

"शेवट लई ग्वाड हाय," मामा म्हणाले. त्यांचे डोळे खरंच भरले होते.

मला राग आला नाही. निदान मामांचा तरी नाही. मला वाईट वाटलं ते याचं की, ज्या वाक्यापाशी मी महिनाभर अडकून बसलो होतो, ते त्याने इतक्या सहज पूर्ण करून टाकलं होतं, आणि तेही व्हायोलिनवर.

दुसऱ्या दिवशी मी भित्तिपत्रकावर लेखाखाली एक छोटा कागद लावला. 'खुलासा' असं वर लिहिलं. गाणं तिथं थांबत नाही, आपल्या कॅसेटी कमी मिनिटांच्या आहेत, माझ्या लेखातलं विवेचन चुकीचं ठरतं, वाचकांची माफी मागतो. मला वाटलं होतं, लोक हसतील.

कुणी हसलं नाही. रविवारी हौदावर मलाच घेरलं.

"कंपनीनं घुसडलं असंल ते," रूममेट म्हणाला. त्याने नेहमीसारखा आधी पुष्कळ विचार केलेला दिसत होता. "असला मानूस व्हायोलिन घील का? आपली हाय तीच खरी."

"पण मूळ कॅसेट..."

"मूळ कॅसेट इकायला असती, गड्या."

सगळ्यात जास्त चिडला तो वस्ताद, ज्याला ती कॅसेट कधीच आवडली नव्हती. "त्या मात्रेचा हिशेब मी समद्या पोरांना बोटावर करून दावलाय. आन तू आता कागद लावतो व्हय? तुला तालातलं काय कळतं?"

मूळ शेवट ऐकायला चला, दुकानात जाऊ, असं मी दोनतीनदा म्हटलं. कुणी आलं नाही. संध्याकाळपर्यंत खुलासा भित्तिपत्रकावरून निघाला होता. ते काम रेक्टरांचं नव्हतं, ते तर गावी होते. मी सरांकडे गेलो आणि लेख मागे घेतो म्हणालो. सरांनी चष्मा पुसला. "लेख चांगला आहे हो. गाण्याचं काय एवढं!" लेख पुढं वार्षिकांकात छापून आला, गाण्याच्या अचूक नावासकट.

अशा रीतीने सगळे आपापल्या मतावर सुखी झाले. अडचण माझी एकट्याची उरली. इतके दिवस मी ज्याच्या आड उभा होतो, तो गायक थांबलाच नव्हता. त्याच्याजवळची टेप संपलेली नव्हती. गप्प फक्त मी होतो.

मी कार्ड घेतलं. वर नेहमीची खुशाली लिहिली. मेस, पाऊस, तब्येत. मग तशाच खाली ओळी घातल्या, अक्षर बारीक करत करत, अगदी काठापर्यंत. दादा, तुला एक सांगायचंय, ते असं की मी इंग्रजीत नापास झालोय. जुलैपासून सांगितलं नाही. परत परीक्षा देणार आहे. तू लोकांना एवढ्यात काही सांगत जाऊ नको. कार्ड पेटीत टाकलं आणि पेटीच्या तोंडात हात घालून बघितला, निघतंय का.

आठ दिवसांनी चुलत्यांच्या अक्षरात उत्तर आलं. पत्र पोचले. खुशाली वाचून सर्वांना आनंद झाला. तब्येतीस जपणे. कळावे.

हे मी किती वेळा वाचलं सांगता येणार नाही. वडिलांनी माफ केलं, की ते इतके रागावलेत की त्याबद्दल लिहायलाही सांगितलं नाही, ते ठरेना. दसऱ्याला गावी गेलो तेव्हा चुलतेच फाट्यावर भेटले. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"आरं, तुझ्या कारडातलं शेवटचं म्या वाचलंच न्हाई. वट्यावर चार मान्सं बसली हुती. पोरगा सायब व्हनार म्हनून तुझा बाप नुकताच त्यास्नी सांगत हुता. म्हनलं, ऱ्हाऊ दे."

"मग नंतर तरी सांगितलं का, दादाला?"

"न्हाई बा. तूच सांग."

घरी वडील दारात बसून कोयत्याला धार लावत होते. हंगाम जवळ आला होता. मी शेजारी बसलो. फाट्यापासून घरापर्यंत जुळवलेलं वाक्य तोंडात होतं, पण ते 'असं की' च्या पुढं येईना.

"दादा, माझं कारड आल्तं ना?"

"आल्तं."

"काय वाचलं त्यात?"

"खुशाली." त्यांनी धारेवरून अंगठा आडवा फिरवून बघितला. "कारड म्या हातात घिऊन बघितलं. तुझं कारड येरवी निम्मं कोरं असतंय. ह्या टायमाला काठापतुर भरल्यालं. आन तुझा चुलता निम्म्यातच कळावं म्हनला."

त्यांनी कोयता खाली ठेवला.

"कशात गेला?"

"इंग्रजीत."

"परत देता येतंय का?"

"येतंय."

"मंग दे की." ते पुन्हा धार लावू लागले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "आन पुढल्या येळंला असलं काय लिवायचं आसंल तर वर लिवत जा. खाली लिवल्यालं ऱ्हाऊन जातंय."