दोन मिनिटांचं कुलूप

साठीला टेकलेल्या बाईला सायकलवर तास-दीड तास झाला की कुठेतरी आत जाऊन यावं लागतं. यात लाजण्यासारखं काही नाही. लाजायचं तर त्यांनी लाजावं, जे लांबचलांब रस्ते बांधतात आणि ही गोष्ट सोयीस्कर विसरतात. पण प्रश्न उरतोच, तेवढा वेळ सायकल धरायची कोणी?

कवळीबाईंचा हा प्रश्न इतकी वर्षं सुटलेला होता. कवळीबाई म्हणजे कवळ्या करणाऱ्या. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे त्यांच्या टेबलावर येत. भिंगाच्या दिव्याखाली मान घालून त्या मेणाच्या हिरड्यांवर एकेक दात रोवत, तासत, पुन्हा रोवत. लोक माणसाचे बूट बघतात, कपडे बघतात. या मात्र आधी तोंडात बघत. कामात हात असा की घेणाऱ्यानं नाव ठेवू नये. पण काम डॉक्टरकडे पोचलं, तोंडात बसलं, तरी त्यांच्या जिवाला स्वस्थता नाही. टोचत तर नसेल ना? जेवताना निसटली तर?

हा घोर जन्माचाच. शाळेत असताना निम्म्या वाटेवरून परत येऊन दाराची कडी लागली की नाही ते बघायच्या. नवरा तरी बिनधास्त मिळावा, तर तो विमा कंपनीत, नुकसानभरपाईच्या टेबलावर. जगात काय काय होऊ शकतं ते त्याला तोंडपाठ. म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. रात्री गॅसची बटणं आधी ही बघणार, मग तो बघणार, आणि मग दोघं एकमेकांना विचारणार, "तू बघितलंस ना?"

यातून त्यांना बाहेर ओढलं नणंदेनं. नवऱ्याची थोरली बहीण, ताई. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेली, आवाज असा की समोरच्या गल्लीतलं पोर रडायचं थांबेल. पन्नाशीच्या भावजयीला तिनं सायकलवर बसवलं. "पडलीस तर पडलीस. जमीन कुठे पळून चाललीय?"

आणि नवल असं की सीटवर बसून पायडल मारलं, की घोर कुठल्या कुठे गळून पडायचा. खड्डा दिसला, चुकवला. चढ आला, चढला. जे समोर तेवढंच. आठवडाभर दुसऱ्यांच्या जबड्यांवर वाकलेली पाठ सुट्टीच्या दिवशी सरळ व्हायची. दोघी धरणापर्यंत जायच्या आणि यायच्या. वाटेत पेट्रोल पंपावर एकीनं विचारायचं, "धरणार?" दुसरीनं म्हणायचं, "धरते." एक आत, दुसरी दोन्ही सायकलींचे हँडल धरून बाहेर. कुलूप म्हणून काही वस्तू असते हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मग ताईंचा गुडघा गेला. नवा बसवला, पण डॉक्टरांनी सायकलीला सपशेल नाही म्हटलं. ताईंनी आपली सायकल गॅलरीत उभी करून तिच्यावर टॉवेल वाळत घातले, आणि भावजयीला म्हणाल्या, "माझा गुडघा गेला, तुझे दोन आहेत ना शाबूत? जा."

"एकटी?"

"नाही, बँड लावून जा."

नवऱ्यानं दोन दिवस सायकलीचे ब्रेक दाबून बघितले. तिसऱ्या दिवशी आमटीचं भांडं पुढे सरकवत म्हणाला, "एकदा जाऊन बघ. पण वाटेत काही झालं आणि मला गाडी काढून यावं लागलं, तर विषय बंद. मान्य?"

"मान्य," कवळीबाई म्हणाल्या, आणि त्या क्षणापासून नवा घोर सुरू झाला. पडण्याची भीती नव्हती. भीती त्या दोन मिनिटांची. आत गेल्यावर बाहेर सायकल.

सायकलच्या दुकानदारानं आधी एक लोखंडी कडं काउंटरवर ठेवलं. काच हादरली.

"हे तोडायला चोराला मशीन लागेल, बाई."

कवळीबाईंनी ते उचलून बघितलं. "आणि हे उचलायला मला चोर लागेल."

मग साखळी निघाली, तीही बैलाला शोभेलशी. मग जाड केबल. धरणाचा चढ डोळ्यांसमोर आणून कवळीबाई एकेकाला नाही म्हणत गेल्या. शेवटी त्यानं खणातून एक चपटी डबी काढली, मुठीत मावणारी. मापाच्या टेपेसारखी तिच्यातून बारीक तार ओढायची, सायकलीतून आणि खांबाभोवतून घ्यायची, परत डबीत खोचायची. वर चार आकड्यांच्या बारक्या चकत्या.

"हे तुटतं कशानं?"

"मनावर घेतलं तर नेलकटरनंसुद्धा तुटेल," दुकानदार खरं बोलला.

"मग उपयोग काय?"

"बाई, ठरवून आलेल्या चोराला हे नाहीच. जाता जाता एखाद्याला मोह होतो ना, त्याच्यासाठी आहे. त्यानं ओढून बघितली, आली नाही, की तो आपला चालू लागतो. तेवढ्यात तुम्ही बाहेर. रात्रभर ठेवायची असेल तर हे लोखंड न्या. दोन मिनिटांना हे पुष्कळ."

बोलणं पटलं. पटलं म्हणून घोर गेला असं मात्र नाही. "किल्लीचं नाही का यात?"

"आहे की. नखाएवढी किल्ली."

नखाएवढी किल्ली! ती पडेल, हरवेल, गटारात जाईल. किल्लीचा घोर वेगळा कुठे वागवा? त्यांनी आकड्यांचं घेतलं.

दुसऱ्या दिवशी कामाच्या टेबलावर त्यांनी त्याची पूर्ण तपासणी केली. पावडर मोजायच्या काट्यावर ठेवलं, तर वरची-खालची कवळी मिळून जेवढी भरते त्याहून थोडंसंच जास्त. तारेची पक्कड लावून बघितली, तर तारेवर लगेच ओरखडा उठला, आणि त्यांच्या मनावरही. आकडा कुठला ठेवायचा? जन्मतारीख नको, ती सगळ्या जगाला सुचते. त्यांच्या धंद्यात प्रत्येक दाताला आकडा असतो. खालच्या दोन मोठ्या दाढा, छत्तीस आणि सेहेचाळीस. कुठल्या चोराला सुचणार? भिंगाच्या दिव्याखाली, जवळचा चष्मा लावून, त्यांनी कुलूप उघडून-मिटून बघितलं. लोण्यासारखं चालत होतं.

सुट्टीच्या दिवशी निघाल्या. सायकलवर लावायचा तो लांबचा, धुळीचा चष्मा लावला. चांगला फोन पडून फुटेल म्हणून नवऱ्याच्या नियमानुसार घरी, खिशात जुना बटणांचा. नवरा दारात उभा. "सावकाश," म्हणाला. पण गाडीची किल्ली त्याच्या हातात होती.

पंप आला तेव्हा त्यांना अगदी राहवत नव्हतं, आणि उतरायचं धैर्यही होत नव्हतं. हवा भरायच्या यंत्रापाशी एक म्हातारा टायरवर बसला होता. दाढीचे खुंट, डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा चष्मा. तो सायकलीकडे टक लावून बघत होता.

"झकास आहे सायकल," तो म्हणाला. बोलताना कट् कट् आवाज आला.

खालची कवळी सैल, कवळीबाईंच्या मनानं लगेच नोंद घेतली, आणि कोणी केली कोण जाणे, पार डुगडुगतेय. मग दुसरं मन म्हणालं, तोंड काय बघतेस, नजर बघ त्याची. त्यांनी सायकल कठड्याला लावली, तार ओढली, चाकातून घेतली, सांगाड्यातून आणि कठड्यातून घेतली, खोचली. चकत्या फिरवल्या, पुन्हा फिरवल्या. म्हाताऱ्याकडे पाठ करून. मग आत पळाल्या.

आत कसलं स्वास्थ्य. नळ सोडला तर बाहेरचं ऐकू येईना, म्हणून हात अर्धवट धुतले. बाहेर आल्या, आणि सायकल होती. जिथल्या तिथे! त्यांना रडू यायचं बाकी होतं. दुकानदाराला मनातल्या मनात आशीर्वाद देत त्या कुलपावर वाकल्या.

डबीवर चार मुंग्या बसलेल्या होत्या.

त्यांनी डोळे बारीक केले, मोठे केले, चष्मा वर केला, काढला. मुंग्या त्या मुंग्याच. हात लांब करून बघावं तर तार आखूड. जवळचा चष्मा कामाच्या टेबलाच्या खणात होता. भिंग टेबलावर होतं. जिथे बसून कुलूप पारखलं होतं तिथे सगळं होतं, इथे फक्त कुलूप होतं. अंदाजानं एकेक चकती फिरवून ओढून पाहिली. कुलपानं दाद दिली नाही. चोरासाठी घेतलेलं कुलूप मालकिणीलाच चोर समजत होतं.

खिशात फोन वाजला. नवरा.

"कुठे आहेस?"

"पंपावर."

"ठीक ना सगळं?"

"ठीक."

"सायकल?"

"ही काय, समोर आहे." यात खोटं काही नव्हतं. "जागची हललेली नाही."

"मग आवाज का असा?"

"चढ चढले ना." हे मात्र खोटं होतं. पंपाअलीकडे चढ नव्हता, आणि ते त्यालाही ठाऊक होतं. त्यानं विचारलं, "येऊ का?"

एक 'हो' म्हणायचा अवकाश. तो चष्मा घेऊन येईल, कुलूप उघडेल, सायकल गाडीवर बांधेल. आणि मग ताईंच्या सायकलीशेजारी गॅलरीत दुसरी सायकल, आणि तिच्यावरही टॉवेल.

"नको," त्या म्हणाल्या. "धरणावरून करते फोन."

आता? पेट्रोल भरणाऱ्यांपुढे गाड्यांची रांग. उरला तो एक. जो सायकल टापतो आहे, ज्याच्यासाठीच म्हणून हे कुलूप लावलं, त्यालाच आकडा सांगायचा? म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली! त्या दोनदा त्याच्याकडे गेल्या आणि दोनदा अर्ध्यातून वळल्या.

"काय हरवलं का?" शेवटी तोच म्हणाला. कट् कट्.

"आकडे दिसत नाहीत," त्या पुटपुटल्या.

"एवढंच ना!" तो उठला, सायकलीपाशी बसला, आणि आपला जाड चष्मा काढून त्यानं नाक कुलपाला लावलं. "मला लांबचं काही दिसत नाही बघा, नुसतं धुकं. टक लावून बघावं लागतं. जवळचं विचाराल तर मुंगीच्या मिशा मोजीन. बोला, कितीवर आणायचं?"

कवळीबाईंनी चौफेर बघितलं आणि वाकून कानाशी म्हणाल्या, "तीन."

"तीन!" तो हवेच्या यंत्रावरून ऐकू जाईल असा ओरडला.

"अहो, हळू!"

"सवय आहे हो, यंत्रापाशी बसून. पुढे?"

"सहा."

"सहाऽ!"

चारही आकडे सगळ्या पंपानं ऐकले. तार सर्रकन डबीत गेली. कवळीबाईंनी सायकलीचं हँडल असं धरलं की कोणी सोडवून दाखवावं. आभार मानायचे ते राहिलेच, तोंडातून भलतंच निघालं. "खालची कवळी सैल झालीय तुमची. आतल्या बाजूनं नवा थर द्यायला सांगा. अशी घालून जेवत असाल तर हिरडी सोलवटेल."

म्हाताऱ्यानं गाल चाचपला. "तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज येतो," म्हणून त्यांनी पायडल मारलं.

धरणावर पोचल्या. पाणी होतं, वारा होता, पण त्यांनी बसून काही बघितलं नाही. घरी फोन केला, सायकल मांडीला टेकवून उभ्याउभ्या पाणी प्यायल्या आणि उलट्या फिरल्या. परतीच्या वाटेवर पुन्हा पंप येणार होता, आणि पुन्हा तीच वेळ.

म्हातारा टायरवरच होता. "लावा, लावा," तो म्हणाला. "मी बसलोय इथे."

लावून उपयोग काय, आकडे तर जगजाहीर. तरी लावलं. आत गेल्या तर बाहेरून कट् कट् ऐकू येत होतं, तो स्वतःशीच काही गुणगुणत होता. कवळीबाईंनी कान तिथेच ठेवला. आवाज आहे तोवर म्हातारा आहे, म्हातारा आहे तोवर सायकल आहे. हात धुताना नळही पूर्ण सोडला.

आणि कट् कट् थांबलं.

नळ तसाच वाहता टाकून, ओल्या हातांनी, एक बूट अर्धा निसटलेला, अशा त्या बाहेर धावल्या. सायकल कठड्याला होती. म्हातारा तिच्या शेजारी मांडी घालून बसला होता. खालची कवळी त्यानं हातात काढून घेतली होती, नाकाशी धरून तिची आतली बाजू न्याहाळत होता.

"कुथं म्हनालात?" तो बोळक्या तोंडानं म्हणाला. "दाकवा की."

कवळीबाईंनी दाराच्या पायरीवर बसून बूट नीट चढवला. आत जाऊन नळ बंद करून आल्या, आणि मग त्याच्याशेजारी बसून कवळीच्या कडेवरून बोट फिरवलं. हे करायला त्यांना चष्मा लागत नव्हता. "इथे," त्या म्हणाल्या. "ही कड. आणि धुऊन घ्या आधी, तुमच्या हातांनी मळलीय ती." मग त्यानं कुलूप उघडलं. या वेळी आकडे हळू आवाजात म्हणत.

घरी नवरा दारातच होता. त्यानं आधी सायकल बघितली, मग बायको, मग पुन्हा सायकल.

"काही झालं का?"

"काही नाही."

"पंपावर आवाज वेगळा होता तुझा."

"होता." एवढंच म्हणून त्या आत गेल्या. त्यानं गाडीची किल्ली खुंटीला अडकवली.

ताईंना मात्र फोनवर सगळं सांगितलं. ताई इतक्या हसल्या की नवा गुडघा धरून बसल्या. "काळजीबाई, ग्रॅम-ग्रॅम वजन तोललंस, आणि चष्मा विसरलीस?"

"हसा. पुढच्या वेळी दोरीला बांधून गळ्यात घालते."

"जाणार आहेस पुढच्या वेळी?"

त्या दोन मिनिटांचा घोर होता तिथेच होता, पुढच्या सुट्टीच्या दिवशीही असणार होता.

"आकडा बदलायला हवा आधी," त्या म्हणाल्या. "सगळ्या पंपाला पाठ झालाय."