निरोगी माणसाच्या शोधात

“मले काही होत नाही! सांगून राहिलो ना, फवारणीचं औषध मले चढतच नाही!” तो मजूर असा ओरडला की पार परतवाड्याचे कावळे उडाले असतील, आणि आम्ही तर अंजनगावच्या अलीकडे एका खेड्यात होतो. समोरच्या ओट्यावर त्याला फवारणीचं काम देणारा मालक बसला होता.

मला असाच माणूस हवा होता. साथरोगशास्त्राच्या प्रबंधासाठी विषबाधेचे रोगी ढिगाने मिळाले होते. त्यांच्याशी ताडून पाहायला, फवारूनही धडधाकट राहिलेला मजूर शोधता शोधता मात्र माझ्या चपलांचा कागद झाला होता आणि पायांचं लाकूड.

मालक उठून गेला, तसा हा मटकन खाली बसला.

“घेरी येते, भाऊ. फवारलं का रातभर वांत्या. पण कोणाले सांगू नका, काम जाईन माहं.”

संध्याकाळी अमरावतीला येऊन, त्याचं नाव न घेता, मार्गदर्शक सरांना हे सगळं सांगितलं. विचारलं, “सर, याला आता कुठे धरू? निरोग्यांत, की रोग्यांत?”

सर म्हणाले, “कुठेच नाही. निरोगी तो नाही, आणि रोगी म्हणून नोंदवायला त्याची परवानगी नाही. निरोगी माणसासाठी उद्या त्याच्या शेजारचं घर घ्या.”